कळा, श्वास आणि प्रसूतिगृहाचं बंद दार

सातव्या-आठव्या महिन्यात तपासणीला येणाऱ्या मुली हल्ली पर्समधून मोबाइल काढतात आणि एखादा व्हिडिओ पुढे करतात. चटईवर बसलेली, प्रसन्न चेहऱ्याची गरोदर स्त्री डोळे मिटून श्वास घेते आहे, मागे बासरी वाजते आहे. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, हे रोज केलं तर नॉर्मल होईल ना?" दहा-बारा वर्षांपूर्वी हा प्रश्न शहरातल्या, खासगी दवाखान्यात नाव घातलेल्या बायकांचा होता. आता तो सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीतल्या रांगेतूनही येतो. काही जणींनी क्लासला पैसे भरलेले असतात, काही जणी जाऊबाईच्या फोनवर बघून आलेल्या असतात.

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात दोन भीती आहेत. एक सिझरची आणि दुसरी कळांची. दोन्ही खऱ्या आहेत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्याचं दिसलं. आधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या सर्वेक्षणात हा आकडा १७.२ होता. महाराष्ट्रात तो २०.१ वरून २५.४ वर गेला, म्हणजे चारातली एक. सरकारी आणि खासगी असा भेद केला तर देशपातळीवर सरकारी संस्थांत १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के. शेजारच्या तेलंगणात तर सगळ्या प्रसूतींपैकी साठ टक्क्यांहून अधिक सिझेरियनने होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं होतं की लोकसंख्येच्या पातळीवर हे प्रमाण दहा टक्क्यांपलीकडे गेल्यावर माता-बालमृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. सिझर प्राण वाचवतं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. वेळेवर न झालेल्या सिझरचे परिणाम सरकारी रुग्णालयात आम्ही पाहतो. पण चारात एक आणि दोनात एक या दोन आकड्यांमधलं सगळंच अंतर वैद्यकीय कारणांनी भरून निघत नाही. त्यात घाई आहे, पैसा आहे, कोर्टकचेरीची धास्ती आहे आणि कळा सोसवणार नाहीत म्हणून स्वतःहून ऑपरेशन मागणाऱ्या स्त्रियाही आहेत.

म्हणून श्वासाच्या व्यायामांकडे एवढ्या आशेने पाहिलं जातं. फुकट आहे, औषध नाही, दुष्परिणाम नाही. सरकारी व्यवस्थेलाही ते आवडतं, कारण त्याला बजेट लागत नाही. तेव्हा नेमकं काय होतं आणि काय होत नाही, हे एकदा नीट पाहायला हवं.

गरोदर स्त्रीचा श्वास मुळातच बदललेला असतो. तिच्या शरीराची ऑक्सिजनची गरज सुमारे वीस टक्क्यांनी वाढलेली असते. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे ती प्रत्येक श्वासात जास्त हवा आत घेते आणि जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. एरवी रक्तात चाळिसाच्या आसपास असणारा त्याचा दाब गरोदरपणात तिशीपर्यंत उतरतो. त्यात वाढलेलं गर्भाशय छातीचा पडदा वर ढकलतं, त्यामुळे श्वास सोडल्यावर फुप्फुसात शिल्लक राहणारा हवेचा साठा कमी होतो. थोडक्यात, तिची गाडी आधीच वरच्या गिअरमध्ये असते.

आता या बाईला कळ येते. घाबरून ती भराभर श्वास घेऊ लागते. दुखण्याच्या भरात श्वसन नेहमीच्या दुपटीवर सहज जातं. कार्बन डायऑक्साइड आणखी खाली येतो. ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं वाकडी होतात, गरगरतं. "मॅडम, हात-पाय जड पडले," असं बाई सांगते आणि नातेवाईक घाबरतात. हे लकवा वगैरे काही नसतं, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरल्याचा हा परिणाम असतो. पण तो तिच्यापुरता थांबत नाही. त्या अवस्थेत गर्भाशयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि आईच्या रक्तातला हिमोग्लोबिन ऑक्सिजनला अधिक घट्ट धरून ठेवतो, बाळाकडे सहज सोडत नाही. निरोगी आईचं निरोगी बाळ हे निभावून नेतं. पण आपल्या देशात निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आहे, त्याच सर्वेक्षणात ५२.२ टक्के. ज्यांच्या रक्तात ऑक्सिजन वाहणारा माल मुळातच कमी, त्यांनी तो नीट पोहोचवावा एवढी अपेक्षा तरी रास्त आहे.

दुसरी गोष्ट ॲड्रिनलिनची. भीतीने हे संप्रेरक वाढतं, आणि ते गर्भाशयाच्या स्नायूंना ढिलं पाडतं. जंगलातल्या मादीला वाघ दिसला तर प्रसूती थांबवून पळता यावं, यासाठी निसर्गाने केलेली ही सोय असावी, असं म्हणतात. आपल्या प्रसूतिगृहात वाघ नसतो, पण शेजारच्या टेबलावर किंचाळणारी बाई असते, डोळ्यांवर येणारा दिवा असतो, ओळखीचं कोणी नसतं आणि आवाज चढवून बोलणारे लोक असतात. घरी चांगल्या येणाऱ्या कळा दवाखान्यात पाऊल टाकल्यावर मंदावतात, हा अनुभव कोणत्याही सिस्टरला विचारा.

सावकाश श्वास इथे कामाला येतो. विशेषतः लांबवलेला उच्छ्वास. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते आणि शरीराला शांत करणारी मज्जासंस्था वरचढ होते. खांदे, जबडा, मुठी सैल होतात. जबडा आवळलेली बाई खालचे स्नायूही आवळून धरते, हे जुन्या सुइणींना पक्कं ठाऊक होतं. शिवाय मोजत श्वास सोडायचा म्हटलं की लक्ष दुखण्यावरून थोडं हलतं. दुखणं जात नाही, पण त्याला धरून बसायला एक दांडा मिळतो.

ही कल्पना कुठून आली, तेही मजेशीर आहे. आपल्याकडे ती प्राचीन भारतीय ज्ञान म्हणून विकली जाते. प्राणायाम आपला आहेच, पण प्रसूतीच्या कळांशी श्वास बांधून शिकवण्याची आजची पद्धत मात्र युरोपातून आली. लंडनच्या गरीब वस्तीत काम करताना ग्रँटली डिक-रीड या डॉक्टरला एक बाई भेटली. तिने क्लोरोफॉर्म नाकारला आणि ती शांतपणे बाळंत झाली. त्यावरून त्याने १९३३ मध्ये मांडणी केली की भीतीने ताण येतो, ताणाने दुखणं वाढतं आणि दुखण्याने पुन्हा भीती. तिकडे सोव्हिएत संघात पाव्हलॉव्हच्या प्रतिक्षिप्त क्रियांच्या सिद्धान्तावर आधारून वेदनारहित प्रसूतीचा मोठा सरकारी प्रयोग चालला होता. वेदनाशामक औषधं आणि भूलतज्ज्ञ यांची चणचण असलेल्या देशाला ही पद्धत सोयीची होती, हेही खरं. १९५१ मध्ये फर्नांड लमाझ हा फ्रेंच डॉक्टर तिथे गेला, एक प्रसूती पाहून भारावला आणि पॅरिसमधल्या धातुकामगारांच्या संघटनेच्या रुग्णालयात त्याने ते सुरू केलं. तिथे बाळंत झालेल्या मार्जरी कार्मेल या अमेरिकन बाईने १९५९ मध्ये पुस्तक लिहिलं आणि 'लमाझ' अमेरिकाभर पोहोचला. कामगारांच्या दवाखान्यात सुरू झालेली गोष्ट पुढे शहरी मध्यमवर्गाच्या महागड्या क्लासची झाली, ती अशी.

या इतिहासातला एक तपशील मला नेहमी खटकतो. लमाझच्या दवाखान्यात प्रसूतीनंतर स्त्रीच्या कामगिरीला श्रेणी दिली जाई, उत्तमपासून नापासापर्यंत. जी किंचाळली ती नापास. शिकवलेला श्वास नीट घेतला नाही, म्हणून दुखलं, असा त्याचा अर्थ. श्वासाच्या व्यायामांमधला सगळ्यात मोठा धोका हाच आहे, आणि तो सत्तर वर्षांनीही गेलेला नाही. क्लास केला, सराव केला आणि तरीही सिझर झालं किंवा कळा असह्य झाल्या, की मुली स्वतःला दोष देतात. घरातलेही बोलतात, "एवढे पैसे भरले होते, तरी?" बाळाचं डोकं आडवं फसलं असेल, ठोके उतरले असतील, वार खाली आली असेल, तर जगातला कोणताही श्वास तिथे चालत नाही. तो तिचा दोष नाही.

मग पुरावा काय सांगतो? वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये शिथिलीकरणाच्या तंत्रांचा, म्हणजे श्वास, योग, संगीत, स्नायू सैल सोडणं यांचा आढावा घेतला. शिथिलीकरण आणि योग यांनी वेदनेची तीव्रता कमी होण्याची शक्यता दिसली. पण चाचण्या लहान होत्या, आपसात जुळत नव्हत्या आणि पुराव्याची खात्री कमी ते अत्यंत कमी होती. एकट्या श्वासाने सिझर टळतं, असं ठामपणे म्हणण्याजोगं काही हाती लागत नाही. त्याच वर्षी आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रसूतिकाळातील काळजीच्या शिफारशींमध्ये, वेदनेवर उपाय मागणाऱ्या निरोगी स्त्रियांसाठी श्वासाची तंत्रं सुचवली आहेत. त्याच यादीत एपिड्युरल इंजेक्शनही आहे. एक दिलं की दुसऱ्याची गरज नाही, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही.

म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर असं: नॉर्मल होईल याची हमी नाही, पण कळा काढायला मदत होईल, नुकसान काही नाही, अवश्य कर.

पण कोक्रेनचाच दुसरा एक आढावा आहे, २०१७ चा, आणि तो कितीतरी भक्कम आहे. सतरा देशांतल्या पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचण्या त्यात आहेत. प्रश्न होता: प्रसूतीच्या पूर्ण काळात स्त्रीच्या उशाशी कोणीतरी सतत असलं, तर काय फरक पडतो? आपोआप, उपकरणाशिवाय होणाऱ्या प्रसूती वाढल्या. सिझेरियनचा धोका सुमारे चतुर्थांशाने कमी झाला. प्रसूतीचा काळ सरासरी चाळीस मिनिटांनी घटला, वेदनाशामकांची गरज कमी पडली आणि प्रसूतीच्या कडू आठवणी घेऊन जाणाऱ्या बायका कमी निघाल्या. एखाद्या गोळीने एवढं केलं असतं, तर तिच्या जाहिरातींनी वर्तमानपत्रं भरली असती.

माझं मत असं झालं आहे की श्वासाचं तंत्र आणि सोबत या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. आठव्या महिन्यात शिकलेला श्वास सात-आठ सेंटीमीटरला कोणालाच आठवत नाही. त्या वेळी बाईचं भान सुटलेलं असतं. तेव्हा चेहऱ्याजवळ चेहरा आणून "माझ्याकडे बघ, माझ्याबरोबर सोड, हं... सोड" म्हणणारं माणूस लागतं. मध्यंतरी आमच्याकडे एका पहिलटकरणीबरोबर तिची आई होती. शेतावर राबणारी, अक्षरओळख नसलेली बाई. सिस्टरने तिला एकदाच दाखवलं, चुलीवर फुंकणीने फुंकतो तसं लांब फुंकायचं. पुढचे चार तास ती माउली प्रत्येक कळेला लेकीच्या पाठीवर हात ठेवून लांब फुंकत राहिली आणि लेक तिच्यामागून. कोणत्याही क्लासने याहून चांगलं शिकवलं नसतं.

आता कागदावरची परिस्थिती पाहा. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारी आरोग्यसंस्थांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली. तिला स्वतःला बाळंतपणाचा अनुभव असावा, संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिने कर्मचाऱ्यांच्या कामात ढवळाढवळ करू नये, अशा साध्या अटी आहेत. जिथे पडद्यांची, आडोशाची सोय आहे तिथे नवऱ्यालाही थांबता येतं. डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमात सन्मानपूर्वक प्रसूतिसेवा हा प्रसूतिगृहाच्या गुणवत्तेचा भाग मानला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसूतीच्या नोंदींचा नवा तक्ता दिला. त्यात बाळाचे ठोके आणि पिशवीचं तोंड किती उघडलं यांच्याही आधी चार रकाने आहेत: सोबत आहे का, वेदनेवर उपाय दिला का, तोंडाने पाणी-पेय दिलं का आणि ती कोणत्या स्थितीत आहे. हे रकाने सगळ्यात वर ठेवण्यामागे विचार आहे.

आणि प्रत्यक्षात? अनेक ठिकाणी आजही प्रसूतिगृहाच्या दारावर पाटी असते, नातेवाइकांना सक्त मनाई. आई, सासू, नवरा बाहेरच्या बाकड्यावर, आणि आत एकोणीस-वीस वर्षांची मुलगी एकटी.

यात सगळा दोष प्रसूतिगृहातल्या लोकांवर टाकणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. देशात २००५-०६ मध्ये रुग्णालयात होणाऱ्या प्रसूती ३८.७ टक्के होत्या. त्या ८८.६ टक्क्यांवर गेल्या, महाराष्ट्रात ९४.७. जननी सुरक्षा योजना, मोफत वाहन, आशाताईंची पायपीट यांमुळे हे घडलं, आणि मातामृत्यू घटले ते त्यामुळेच. पण बायका आल्या त्या वेगाने खोल्या, टेबलं आणि सिस्टर वाढल्या नाहीत. चार टेबलांच्या खोलीत, मध्ये पडदा नसताना, एकीची आई आत घेतली तर दुसरीची अब्रू जाते. रात्रपाळीत दोन सिस्टर आणि एक मावशी, त्यात एकीचा रक्तस्राव सुरू झाला की बाकीच्यांच्या उशाशी कोण उभं राहणार? शिवाय काही वावगं घडलं आणि आत नातेवाईक असला तर मारहाणीची भीती. ही भीती काल्पनिक नाही. तरीही मी म्हणेन की जिथे सोबतीण आत असते तिथे गैरसमज कमी होतात. डॉक्टर तासन्‌तास धडपडत होते, हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. बंद दारामागे काय चाललंय, याचा अंदाज बांधत बसलेला माणूस जास्त भडकतो. आणि पडद्यांना लागतात किती पैसे? एका यंत्राच्या देखभालीच्या करारात अख्ख्या जिल्ह्याचे पडदे येतील.

दुसरा प्रश्न आमच्या तोंडातल्या भाषेचा आहे. "श्वास घे" म्हणण्याच्या सुरातही फार फरक असतो. "ओरडू नको", "तोंड बंद कर", "आता कशाला रडतेस" आणि याहून वाईट वाक्यं, क्वचित मांडीवर चापट, हे प्रकार देशभरात घडतात, त्यांवर लिहिलं गेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेला २०१४ मध्ये या विषयावर खास निवेदन काढावं लागलं, म्हणजे हा काही आपल्यापुरता रोग नाही. एका हाताने योगाची पत्रिका द्यायची आणि दुसऱ्या हाताने दटावायचं, याला काय म्हणावं?

आणि जोर लावण्याचं काय? पिशवीचं तोंड पूर्ण उघडलं की प्रसूतिगृहात एकच गलका होतो: "श्वास रोख, तोंड मिट, जोर लाव, लाव, लाव, सोडू नको!" पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलं आहे. आता शिफारस अशी आहे की स्त्रीला आतून जेव्हा आणि जसा जोर येतो, तसा तिला लावू द्यावा. २०१७ च्या आढाव्यात दोन्ही पद्धतींत आई-बाळाच्या तब्येतीत ठळक फरक सापडला नाही. म्हणजे ओरडून काही विशेष मिळत नाही. उलट श्वास फार वेळ रोखला की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, आईचा चेहरा काळानिळा पडतो, ती थकते आणि पुढच्या कळेला तिच्यात त्राण उरत नाही. पाच-सात सेकंदांचा जोर, मग श्वास, पुन्हा जोर, असं बहुतेक बायका न शिकवता करतात. पहिल्या बाळंतपणात या टप्प्याला तीन तासांपर्यंत वेळ लागू शकतो आणि आई-बाळ ठीक असतील तर तो द्यायला हवा. पोटावर वरून दाबून बाळ ढकलणं तर पूर्ण बंद व्हायला हवं. त्याची शिफारस कुठेही नाही, पण सवय बरीच आहे.

मात्र एका क्षणी श्वास खरोखर शिकवावा लागतो. बाळाचा माथा दिसू लागतो, खाली आग-आग होते आणि जोर लावण्याची अनावर ऊर्मी येते, तेव्हा जोर न लावता कुत्र्यासारखं हलकं धापायचं, किंवा फूफू करत फुंकायचं. डोकं सावकाश बाहेर आलं तर फाटणं कमी होण्याची आशा असते. इथे सिस्टरचा हात आणि बाईचा श्वास यांची जोडी जमावी लागते, आणि त्यासाठी आधी दोघींची ओळख झालेली असावी लागते.

घरी सराव करायचा असेल तर तो अगदी साधा आहे, त्याला क्लास लागत नाही. पाठ टेकून किंवा डाव्या कुशीवर आरामात बसा-पडा, उताणं नको. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास घ्यायचा, छाती न उचलता पोट-बरगड्या फुलू द्यायच्या. मग ओठ सैल ठेवून, गरम चहावर फुंकर घालतो तसा, सहा मोजेपर्यंत सोडायचा. रोज दहा मिनिटं पुरे. एक श्वास दहा सेकंदांचा झाला. चांगली कळ साधारण मिनिटभर टिकते, म्हणजे एका कळेला सहा श्वास. पहिल्या दोनांत कळ चढते, मधल्या दोनांत शिखर, शेवटच्या दोनांत उतरते. "सहाच श्वास" हा हिशेब बायकांना फार धीर देतो, कारण कळेला शेवट आहे, हे त्यातून कळतं. कळ गेली की श्वासाकडे लक्षही द्यायचं नाही, घोटभर पाणी प्यायचं, फिरायचं, डुलकी लागली तर घ्यायची. कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास कोंडून धरण्याचे प्रकार गरोदरपणात करू नयेत. चक्कर आली किंवा मुंग्या आल्या तर थांबा, वेग कमी करा. दमा, हृदयविकार किंवा वाढलेला रक्तदाब असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

काही लक्षणांत श्वासाचे प्रयोग करत घरी बसायचं नाही. अंगावरून रक्त जाणं, पाणमोट फुटून हिरवट पाणी येणं, बाळाची हालचाल मंदावणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणं, झटका येणं. सरळ १०८ ला फोन.

क्लासबद्दल एवढंच म्हणेन. त्यात चार बायका भेटतात, बोलतात, नवराही कधी येतो, हे चांगलं. पण काही ठिकाणी श्वासाबरोबर बाळाची बुद्धी, रंग, संस्कार अशी मोठी मोठी आश्वासनं जोडून पॅकेजं विकली जातात. त्याला शास्त्राचा आधार नाही. हजारो रुपये भरण्यापेक्षा तेच पैसे अंडी, डाळ, हिरव्या भाज्यांवर गेले आणि लोहाच्या गोळ्या न चुकता घेतल्या, तर रक्तक्षयी आईच्या बाळाचं जास्त भलं होईल.

आणि श्वासाच्या नावाखाली वेदनाशमनाचा हक्क गुंडाळून ठेवू नये. कळा सोसणं हे बाईपणाचं प्रमाणपत्र नव्हे. १८४७ मध्ये एडिनबरोच्या सिम्पसनने प्रसूतीत क्लोरोफॉर्म वापरला तेव्हा धर्माच्या नावाने विरोध झाला. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने तो स्वतः घेतला आणि वाद बराच निवला. आपल्याकडे राणीची सोय आजही बहुतेक सरकारी प्रसूतिगृहांत नाही. एपिड्युरलसाठी चोवीस तास भूलतज्ज्ञ हवा. तालुक्याच्या ठिकाणी तो सिझरसाठी मिळतानाही मारामार. नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन यांचं निम्मं-निम्मं मिश्रण बाई स्वतःच हाताने मुखवटा धरून ओढू शकते. ब्रिटनमध्ये मिडवाइफ ते सर्रास देतात. आपल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत तरी ते यायला काय हरकत आहे? नळी, हवेशीर खोली आणि प्रशिक्षण यांचा खर्च आहे, पण अशक्य काही नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं काढली. परिचारिकांना अठरा महिन्यांचं खास प्रशिक्षण देऊन गुंतागुंत नसलेल्या प्रसूती त्यांच्याकडे सोपवायच्या आणि रुग्णालयातच त्यांच्या नेतृत्वाखालचे वेगळे कक्ष उभारायचे, अशी ही योजना आहे. माझ्या दृष्टीने गेल्या वीस वर्षांतला हा सगळ्यात शहाणा कागद आहे. आपल्या डॉक्टर मंडळींपैकी काहींना तो आवडत नाही, हेही नमूद करते. पण उशाशी बसून श्वास मोजायला ना प्राध्यापकाला वेळ आहे, ना निवासी डॉक्टरला. ते काम ज्यांच्या स्वभावात आणि शिक्षणात आहे त्यांना ते अधिकारासकट द्यायला हवं. प्रशिक्षण घेऊन आलेल्या सिस्टरची बदली महिन्याभरात नेत्र विभागात होणार असेल, तर मात्र काही उपयोग नाही.

तोवर घरच्यांना करता येण्यासारखं थोडं आहे. नाव घालतानाच विचारा, आमच्याकडून कोण आत थांबू शकेल? नाही म्हणाले तर २०१६ च्या परवानगीची आठवण द्या, भांडण न करता. जी आत जाणार आहे, आई, सासू, मोठी बहीण, मावशी, तिला तपासणीच्या वेळी एकदा तरी बरोबर आणा. पहिलं बाळंतपण माहेरी होणार असेल तर माहेरच्या बाईला. घाबरट, सारखी रडणारी आणि स्वतःच्या बाळंतपणाच्या भयकथा सांगणारी काकू कितीही जवळची असली तरी तिला बाहेरच बसवा. आत जाणारीने रोज संध्याकाळी त्या मुलीबरोबर दहा मिनिटं बसून सहा श्वास मोजायचे, पाठीत कुठे दाबलं की बरं वाटतं ते शोधून ठेवायचं, एक पाण्याची बाटली आणि एक धुतलेला गाऊन पिशवीत भरून ठेवायचा.